हेरन सोडलं तेव्हा

आर्डिथ व्होल्मर अध्यक्षपदाला विटली होती हे बेल्डन क्रॉसिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पेट्रोलपंपावर, किराणा दुकानात, चर्चच्या तळघरात कुणीही विचारलं, "काय आर्डिथ, मंडळ कसं चाललंय?" की ती म्हणायची, "चालतंय कसलं? मी ओढतेय." ऐकणारा हसायचा, आणि पुढच्या वार्षिक सभेत तोच हात वर करून पुन्हा तिलाच निवडून द्यायचा.

मंडळाचं नाव निवांत बर्फ मंडळ. त्याचं काम एवढंच, की हिवाळ्यात डोंगरात काही जागा अशा राहाव्यात जिथे स्की बांधून किंवा बर्फाचे बूट घालून आपल्या पायांनी वर जाणाऱ्या माणसाच्या कानावर इंजिनाचा आवाज पडू नये. ऐकायला साधं वाटतं. पण आयडाहोच्या त्या कोपऱ्यात निम्म्या घरांच्या दारात बर्फावर पळणारी गाडी, स्नोमोबाइल, उभी असते, आणि उरलेल्या निम्म्यांचा कुणीतरी मेहुणा ती दुरुस्त करून पोट भरतो. त्यामुळे वीसहून जास्त वर्षं आर्डिथनं जे काढलं त्यात गोडीगुलाबी फारशी नव्हती. वनखात्याच्या सभा, हरकती, पुन्हा सभा. शनिवारी सकाळी वाट सुरू होते तिथल्या पार्किंगमध्ये थर्मास घेऊन उभं राहायचं आणि गाड्या उतरवणाऱ्या पोरांना हसून सांगायचं, "बाबांनो, त्या ओढ्याच्या पलीकडे बंद आहे हं." काही जण "हो मॅडम" म्हणायचे. काही जण हेल्मेटची काच खाली ओढायचे आणि तिच्या अंगावर बर्फ उडवत निघून जायचे. ती पोस्टात खिडकीवर बसायची तेव्हा तीच पोरं तिकिटं घ्यायला यायची, आणि ती तिकिटं द्यायची.

खरं तर हे सगळं सुरू तिनं केलंच नव्हतं. केलं एमेटनं, तिच्या नवऱ्यानं. गावाच्या वर, सकाळभर चढून गेलं की हेरन लागतं. डोंगरांनी तिन्ही बाजूंनी धरलेली एक मोठी परात, तळाशी गोठलेलं तळं, आणि उतारांवर एकटी एकटी उभी लार्चची झाडं. लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं दोघांचा हिवाळ्यातला प्रत्येक रविवार तिथे गेला. तेव्हाच्या गाड्यांना तो चढ झेपत नसे. मग दमदार गाड्या आल्या. एका रविवारी दोघं वर पोचली तर अख्खी परात नांगरल्यासारखी झाली होती. एमेट तसाच माघारी वळला. दारात बूट काढता काढता म्हणाला, "सभा बोलावू या."

सभा झाली. एमेट तापट. वनखात्याच्या माणसाला त्यानं पहिल्याच भेटीत टेबलावरून हात लांब करून सुनावलं. म्हणून लोकांनी अध्यक्ष केलं आर्डिथला. पोस्टाच्या खिडकीमागे बसून बसून तिला कुणाशीही नीट बोलायची सवय झालेली. काही वर्षं झगडून हेरन गाड्यांना बंद झालं. मंडळाचं ते पहिलं यश, आणि मोठं म्हणावं असं शेवटचंही.

पुढे एमेटचे खुबे गेले. दोन्ही बदलले, तरी थंडीत ठणकायचेच. एका नोव्हेंबरात तो फिरतं घर गाडीमागे जोडून ॲरिझोनाला गेला, आणि तिथे त्याला असं बरं वाटलं की मग दर वर्षीच जायला लागला. आर्डिथ मागे राहायची, कारण हिवाळा म्हणजे मंडळाचा हंगाम. दोघांचा संसार चार-पाच महिने फोनवर चालायचा.

"इथे लोक अर्ध्या चड्डीत फिरतायत," एमेट सांगायचा.

"फिरू देत. मी आत्ताच छपरावरचं बर्फ काढलं."

"लाइलला सांग ना."

"लाइलचे उपकार मी घेऊ? स्नोमोबाइल क्लबच्या अध्यक्षाचे?"

"तो शेजारी आहे, आर्डी."

"तेच तर."

तर त्या वर्षीच्या सप्टेंबरात राज्याच्या मोठ्या संघाची एक मुलगी आर्डिथच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. जॉसलिन टेबर तिचं नाव, बॉइझीहून आली होती. ती वकिली शिकलेली, पण बोलायला मऊ. कॉफीला हात न लावता ती म्हणाली, "मिसेस व्होल्मर, मी सरळच बोलते. तुमचं एक मंडळ. खिंडीपलीकडे मेरिल ओक्स यांचं एक मंडळ. आमचा संघ तिसरा. वनखातं येत्या हिवाळ्यात सगळ्या डोंगराचा नवा आराखडा करतंय. गाडीवाले सगळे मिळून एक आहेत. आपण तीन वेगवेगळी पत्रं पाठवली तर तिन्ही बाजूला ठेवली जातील. आपण एक व्हायला हवं."

"म्हणजे आम्ही तुमच्यात यायचं."

"हो," जॉसलिन म्हणाली. "खरं सांगायचं तर तसंच."

आर्डिथला तिचा प्रामाणिकपणा आवडला. त्याहून जास्त आवडलं ते आणखी काहीतरी, जे तिनं जॉसलिनला दाखवलं नाही. कुणीतरी अंगावरचा ओला कोट उतरवून घ्यावा तसं तिला वाटलं होतं. मुलगी गेल्यावर ती बराच वेळ तशीच टेबलाशी बसून राहिली. कॉफी निवली. फोन वाजला तोही तिनं घेतला नाही.

अडचण होती मेरिलची. मेरिल ओक्स घोड्यांना नाल ठोकणारा माणूस, आता पाठीत वाकलेला. एके काळी एमेटचा जिवाभावाचा दोस्त. मंडळाच्या पहिल्या सभेत तोही होता. पण लांबच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत काही स्कीवाले स्नोमोबाइलवर जातात आणि तिथून पुढे पायांनी चढतात. ते आपले म्हणायचे की परके, यावरून एका सभेत जुंपली. मेरिल म्हणाला, आपले. एमेटनं भर सभेत त्याला गद्दार म्हटलं. मेरिल उठला, सभासदांतला एक मोठा गट सोबत घेऊन गेला, आणि जाताना मंडळाचं कॉफीचं मोठं भांडंही घेऊन गेला. खिंडीच्या पलीकडे त्यानं आपलं मंडळ काढलं. तेव्हापासून, म्हणजे अठरा वर्षं, दोन्ही घरांत बोलणं नाही.

जॉसलिननं दोघांना खिंडीवरच्या खाणावळीत एकत्र बोलावलं. ऑक्टोबर होता, पहिलं बर्फ पडून वितळलं होतं. मेरिल आधीच कोपऱ्यात येऊन बसला होता.

"अजून आहेस वाटतं," तो म्हणाला.

"तुझी इच्छा नसली तरी."

"माझी इच्छा कोण विचारतो? तो कसा आहे?"

"ॲरिझोनात आहे. तू आमचं कॉफीचं भांडं कधी देणार?"

"ते गळतं आता."

"आमच्याकडे होतं तेव्हा गळत नव्हतं."

जॉसलिन एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मग तिनं घाईनं नकाशा उलगडला. तिचा मुद्दा थोडक्यात असा. पूर्वेची डोंगररांग मोठी आहे, अजून बरीचशी शांत आहे. ती सगळी गाड्यांना बंद व्हावी असा प्रस्ताव एकत्र मिळून द्यायचा. गाडीवाल्यांशी तिनं आतून बोलणी केली होती. ते पूर्वेच्या रांगेसाठी अडून बसणार नाहीत, पण त्यांना बदल्यात काहीतरी हवं. काय हवं, ते नकाशावर पेन्सिलीनं रंगवलं होतं.

मेरिलनं चष्मा नाकावर ढकलला. "हे हेरन आहे."

"हो."

"हेरन देताय? ते काय कुणाच्या बापाचं आहे, असं उचलून द्यायला?"

"मिस्टर ओक्स, क्षेत्रफळ बघितलंत तर..."

"क्षेत्रफळ गेलं खड्ड्यात. आर्डिथ, तू काय गप्प बसलीस? तुझ्या नवऱ्यानं मला सगळ्या गावासमोर गद्दार म्हटलं. आणि आता ही पोरगी हेरन पुडीत बांधून देतेय, तर तू ॲपल पाय खात बसलीस?"

आर्डिथच्या पुढ्यात खरंच सफरचंदाचा पाय होता. तिनं काटा खाली ठेवला.

"पूर्वेच्या रांगेत कोण जातं?" तिनं जॉसलिनला विचारलं.

"आता पुष्कळ जण जातात. कॉलेजातली मुलं. लहान पोरांना पाठीवर घेऊन आईबाप. आणि ती वुल्व्हरीन जनावरं, त्यांच्या माद्या खोल बर्फात पिल्लं घालतात ना, त्यांच्या जागा तिथेच आहेत. गाड्या आल्या की त्या पिल्लं उचलून निघून जातात."

"आणि हेरनमध्ये कोण जातं?"

जॉसलिन नकाशाची घडी सारखी करायला लागली.

"बोल की."

"गेल्या हिवाळ्यात... बहुतेक तुम्ही."

खाणावळीची बाई येऊन कॉफी ओतून गेली. आर्डिथच्या मनात आलं, की आपणही हिवाळाभरात मोजून दोन-तीनदाच गेलो, आणि त्यातही एकदा गुडघ्यानं दगा दिला म्हणून अर्ध्यातून परतलो. बाकीचे सगळे शनिवार पार्किंगमध्ये गेले. ज्या जागेची राखण केली ती जागा वर्षानुवर्षं नीट बघितलीसुद्धा नाही. हे तिला आधीही माहीत होतं. फक्त कुणी असं टेबलावर ठेवलं नव्हतं.

"देऊन टाक," ती म्हणाली.

"काय?" मेरिल म्हणाला.

"तुला नाही, तिला सांगतेय. हेरन देऊन टाक. पूर्वेची रांग घे."

ती उठली, आपले पैसे ठेवले आणि बाहेर आली. मेरिल मागोमाग आला, कोटाची बटणं न लावताच. पार्किंगमध्ये वारा सुटला होता.

"वुल्व्हरीन-बिल्व्हरीन मला सांगू नकोस," तो म्हणाला. "तू थकलीस म्हणून दिलंस."

"हो."

"हे काय कारण झालं?"

"मग कसलं कारण चालेल तुला? मेरिल, मला एक नाव सांग. एकच. येत्या शनिवारी बर्फात त्या पार्किंगमध्ये उभं राहील, त्याच्या पुढच्या शनिवारीही राहील, असं एक माणूस. मी आत जाते आणि हेरन परत मागते. सांग."

मेरिल गाडीच्या काचेवरचं दव बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "मी आलो असतो."

"तू?"

"तू विचारलं नाहीस."

"तू अठरा वर्षं बोलत नव्हतास, गाढवा!"

"तेही खरंच आहे," मेरिल म्हणाला. नाक वर ओढून तो आपल्या गाडीत बसला आणि बराच वेळ चावी न फिरवता बसून राहिला. आर्डिथनं घाट उतरायला घेतला तरी त्याचे दिवे लागले नव्हते.

त्या संध्याकाळी एमेटचा फोन आला. तो नुकताच ॲरिझोनाला पोचला होता. शेजारी कॅनडाचं एक जोडपं आलंय, त्यांचा कुत्रा फार गोड आहे, इथली संत्री लागायला अजून वेळ आहे, असं काय काय सांगत होता. आर्डिथनं मंडळं एक होणार असल्याचं सांगितलं.

"झालं एकदाचं!" एमेट म्हणाला. "मग तू डिसेंबरात इकडे येशील?"

"येईन."

"खरंच? बरं, आणि बाकी काय?"

"बाकी काही नाही," ती म्हणाली. हेरनचं ती उद्या सांगणार होती. मग परवा. मग ते राहूनच गेलं. आणि एखादी गोष्ट आठवडाभर सांगायची राहिली की पुढे ती सांगणं आणखीच अवघड होऊन बसतं.

विलीनीकरणावर मतदान व्हायचं होतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी गावातल्या शेतकरी हॉलमध्ये सभासद जमले. बायकांनी राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले होते. जेवणं होईपर्यंत सगळे पावसापाण्याचं बोलत होते. आर्डिथनं आजूबाजूला बघितलं. पहिल्या सभेतले चेहरे बरेचसे तेच होते, फक्त आता प्रत्येक खुर्चीला एक काठी टेकलेली होती.

तिनं प्रस्ताव वाचला. हेरनचं नाव आलं तशी कुजबुज झाली. मागच्या रांगेत ऑटिली ब्रान्ट आपल्या वॉकरला धरून उभी राहिली. मंडळातली सगळ्यात वयस्क बाई ती.

"मी या मंडळात आले तेव्हा माझे दोन्ही गुडघे माझे स्वतःचे होते," ऑटिली म्हणाली. लोक हसले. ती हसली नाही. "मला नकाशा नको दाखवू, आर्डिथ. माझ्या डोळ्यांना तो दिसतही नाही. तू मला सांग, का?"

आर्डिथनं भाषण लिहून आणलं होतं. ते तिनं घडी करून खिशात घातलं.

"कारण पूर्वेकडे माणसं जातात आणि हेरनमध्ये आपण जात नाही," ती म्हणाली. "आणि मला आणखी ओढवत नाही, ऑटिली. कुणाला पुढे व्हायचं असेल तर मी आत्ता ही खुर्ची सोडते, आणि हेरन ठेवू आपण."

कुणी हातातल्या रोलकडे बघितलं, कुणी छताकडे. ऑटिली हळूहळू खाली बसली. "एवढं सरळ सांगायचं नव्हतं," ती शेजारणीला म्हणाली, पण तिला कमी ऐकू येत असल्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

तेवढ्यात भिंतीकडून कुणीतरी ओरडलं, "एमेटला माहीत आहे का हे?"

"माहीत आहे," आर्डिथ म्हणाली.

तिच्या तोंडून ते असं सहज गेलं की तिलाच धक्का बसला. हात वर झाले. एकेक करून, जड जड, जसं अंत्यविधीला उठावं तसे. प्रस्ताव पास झाला. एक जण उठून टोपी घालून निघून गेला, दार मात्र त्यानं हळूच लावलं. निवांत बर्फ मंडळ तिथेच संपलं. नंतर सगळ्यांनी मिळून खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइल स्टोकी बर्फ ढकलायचं पातं लावलेली गाडी घेऊन तिच्या दारात उभा. न विचारता त्यानं सगळी वाट साफ केली, आणि मग काच खाली केली.

"काय अध्यक्षबाई."

"आता अध्यक्ष नाही मी."

"ऐकलं. हेरनचंही ऐकलं." लाइलनं दाढी खाजवली. "क्लबात पोरांनी काल बिअरचे डबे फोडले. मी लवकर घरी आलो. मजा नाही आली."

"का? तुम्हाला हवंच होतं ना?"

"हवं होतं. पण मला वाटायचं, तू देणार नाहीस. तुझ्या नावानं इतकी वर्षं शिव्या घातल्या. तू दिलंस म्हणजे आता शिव्या कुणाला घालायच्या?"

"जॉसलिनला घाल. तरुण आहे, पुरेल तुला."

लाइल हसला, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "छपराची काळजी करू नकोस. तू नसशील तेव्हा मी बघेन. आता तरी नाही म्हणू नको."

आर्डिथ नाही म्हणाली नाही.

डिसेंबरात ती ॲरिझोनाला गेली, आणि तिथे पोचल्यावर झोपली. एक-दोन दिवसांची झोप नव्हती ती. नाश्ता झाला की डोळे मिटायचे, दुपारी जेवून पुन्हा आडवी. एमेट पत्ते खेळून यायचा, कॅनडावाल्यांचा कुत्रा फिरवून यायचा, तरी ती आपली झोपलेलीच. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं. शेवटी एमेट घाबरला आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, छाती तपासली. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "मला काही सापडत नाही. गेल्या काही वर्षांत विश्रांती कधी घेतलीत?"

आर्डिथ खूप वेळ आठवत राहिली. डॉक्टरनं उत्तराची वाट बघणं सोडून दिलं.

फेब्रुवारीत एका सकाळी ती फिरत्या घराच्या पायरीवर बसून पपनस सोलत होती, तेव्हा जॉसलिनचा फोन आला. मुलगी रडत होती, पण आनंदानं. वनखात्यानं आराखड्यावर सही केली होती. पूर्वेची रांग टोकापासून टोकापर्यंत बंद झाली होती. "तुमच्याशिवाय हे झालं नसतं, मिसेस व्होल्मर. मी पहिला फोन तुम्हालाच करतेय."

"छान झालं गं," आर्डिथ म्हणाली. "आता जा, पोटभर जेव, आणि घरी जाऊन झोप."

फोन ठेवून तिनं पपनस पुन्हा हातात घेतलं. आनंद होईल असं तिला वाटलं होतं. झाला असेलही, पण तो लांब कुठेतरी, दुसऱ्याच्या घरात चालू असल्यासारखा होता.

"कोण होतं?" एमेटनं आतून विचारलं.

"जॉसलिन. आराखडा पास झाला. पूर्वेची रांग मिळाली."

एमेट बाहेर आला. पायरीवर बसायला त्याला कठडा धरावा लागला. "वा," तो म्हणाला. "आणि हेरन?"

आर्डिथनं पपनसाची साल मांडीवरच्या ताटलीत ठेवली. "हेरन गेलं. मी दिलं. ऑक्टोबरातच. तुला सांगितलं नाही."

"मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"मेरिलनं फोन केला होता," एमेट म्हणाला. "अठरा वर्षांनी. आधी मला शिव्या दिल्या, मग तुला दिल्या, मग रडायला लागला. मग माझ्या खुब्यांचं विचारलं. मी त्याच्या पाठीचं विचारलं. तासभर बोललो असू."

"कधी?"

"तू यायच्या आधी."

"आणि तू गप्प राहिलास? एवढे दिवस?"

"तू झोपली होतीस."

आर्डिथला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच अडकलं. समोरून कॅनडावाली बाई कुत्रा घेऊन गेली, हात हलवून. दोघांनीही हात हलवला.

"राग आला होता मला," एमेट म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पहिले दोन-तीन दिवस मी वाळवंटात एकटाच चालत होतो. मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. आणि मग वाटलं, ही आग मी लावली, आणि मी इथे येऊन संत्री खातोय. ती तिथे पार्किंगमध्ये उभी. कुठल्या तोंडानं भांडू? मला तर खूप आधी म्हणायला हवं होतं, सोड आता. मला लाज वाटायची म्हणायची. मी म्हणालो तर मीच हरलो, असं काहीतरी."

"मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुला माहीत आहे म्हणून."

"तेही मेरिलनं सांगितलं. त्याला कुणी सांगितलं देव जाणे."

"ऑटिली."

"ऑटिलीच असणार." एमेटनं तिच्या ताटलीतली एक फोड उचलली. खाल्ली नाही, हातातच धरून बसला. "तरी सांगायला हवं होतंस, आर्डी. मी हो म्हटलं असतं. पण मला हो म्हणायला मिळालं असतं."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच."

त्यावर दोघांनी आणखी काही बोलायचं राहिलं नव्हतं, किंवा राहिलं असेल तर त्या दिवशी ते बोललं गेलं नाही. त्याचा राग पुरता गेला नव्हता हे तिला कळत होतं. त्यानंतरही कधीमधी तो जेवताना एकदम गप्प व्हायचा. पण त्या दुपारी ती झोपली नाही. दोघं गाडी काढून गावात गेली, एका मेक्सिकन बाईच्या टपरीवर मक्याचे तमाले खाल्ले, आणि तापायला लागलेल्या रस्त्यानं हळूहळू परत आली.

मार्चअखेर दोघं घरी आली. छप्पर जागच्या जागी होतं. लाइलनं किल्ली परत दिली, आणि हेरनबद्दल तो काहीच बोलला नाही. आर्डिथनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "शनिवार-रविवारी गर्दी असते. मधल्या वारी कुणी नसतं." ती मधल्या वारी गेली नाही. जावं असं वाटलं, तसं एकदा बूटही बाहेर काढले, पण मग बागेतला कचरा काढत बसली.

एप्रिलच्या मध्याला मेरिलचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"पूर्वेकडे सावलीच्या बाजूला अजून बर्फ आहे. येतेस, का थकलेली आहेस?"

"थकलेलीच आहे. किती वाजता?"

एमेटही निघाला, गाडीपर्यंत. वाटेच्या तोंडाशी वनखात्यानं नवी पाटी लावली होती, गाड्यांना बंद असल्याची. पाटी जरा तिरकी होती. एमेट आणि मेरिल एकमेकांसमोर आले तेव्हा दोघांनीही हात पुढे केला नाही. मेरिल म्हणाला, "जाड झालास." एमेट म्हणाला, "तू बुटका झालास." मग एमेट गाडीत उबेला बसला, खिडकी थोडी उघडी ठेवून.

बर्फ कुजकं होतं. वरचा थर सकाळी कडक, पण ऊन लागताच पाय मांडीपर्यंत आत जायला लागला. आर्डिथ दोनदा पडली, मेरिल एकदा, आणि त्याला उठवताना ती तिसऱ्यांदा पडली. वर कुठेतरी दोन तरुण पोरी स्कीवर चढत होत्या, झाडांमधून त्यांचं बोलणं मध्येच ऐकू यायचं. मेरिलला माथ्यापर्यंत जायचं होतं. आर्डिथ म्हणाली, तुला जायचं तर जा, मी मागे फिरते. तो कुरकुरत तिच्याबरोबर मागे फिरला.

खाली एमेट झोपला होता, तोंड उघडं टाकून. त्यांनी त्याला उठवलं. गाडीच्या मागच्या फळीवर बसून तिघांनी सँडविच खाल्ले. मेरिल आपल्या हृदयाच्या गोळ्यांबद्दल बोलत होता, एमेट त्याला सांगत होता की त्याचा डॉक्टर मूर्ख आहे. आर्डिथनं ओले मोजे काढले आणि पाय उन्हात धरले.